परीक्षा मुलांची, कसोटी घराची



फेब्रुवारी महिना लागला की आपल्या वस्त्यांचे वातावरण बदलते. ७ फेब्रुवारीची माता रमाईंची जयंती आटोपते न आटोपते तोच बारावीच्या आणि पाठोपाठ दहावीच्या परीक्षा दारात येऊन उभ्या राहतात. ज्या घरी परीक्षेचे मूल आहे त्या घरचा टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना 'परीक्षा झाल्यावर या' असा निरोप जातो, आणि नळावर भेटणारी प्रत्येक बाई 'किती टक्के पडतील?' असे विचारू लागते. या सगळ्या धांदलीत एक वाक्य घरोघर हमखास ऐकू येते. 'बाबासाहेब दिव्याखाली बसून शिकले. तुला लाईट आहे, पंखा आहे, क्लासची फी भरली आहे, आणि तरी तुला अभ्यास होत नाही?'

हे वाक्य बोलणाऱ्या आई-बापाच्या मनात माया असते, याविषयी आम्हांला शंका नाही. दिवसभर उन्हात, कारखान्यात किंवा दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करून आलेल्या माणसाला आपले लेकरू पुढे जावे असे वाटते, आणि पुढे जाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण त्याच्या भिंतीवरच लावलेले असते. परंतु ऐकणाऱ्या मुलाच्या कानात ते वाक्य वेगळेच वाजते. त्याला वाटते, एवढ्या मोठ्या माणसाशी माझी तुलना होते आहे आणि मी कायमचा कमी पडणार आहे. ज्या तसबिरीकडे पाहून धीर यायचा, तिच्याकडे पाहण्याचीच त्याला धास्ती वाटू लागते. बाबासाहेबांचे नाव आपल्या मुलांना आधाराची काठी म्हणून द्यायचे की पाठीत घालायची काठी म्हणून, याचा विचार परीक्षेच्या दिवसांत प्रत्येक बौद्ध घराने केला पाहिजे. म्हणून आजचे सदर विद्यार्थ्यांइतकेच त्यांच्या आई-वडिलांसाठी आहे.

सुभेदारांची रात्र

बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील दिवस चरित्रकारांनी लिहून ठेवले आहेत. मुंबईत परळच्या डबक चाळीतील एक खोली. त्याच खोलीत चूल, धूर, भांडीकुंडी आणि सारे कुटुंब. झोपायच्या जागी उशाला जाते आणि पायथ्याशी शेळी. या खोलीत अभ्यास कसा व्हायचा? सुभेदार रामजींनी त्यावर उपाय काढला होता. भीमराव रात्री लवकर झोपत आणि सुभेदार स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता ते मुलाला उठवीत आणि मग आपण त्याच जागी आडवे होत. चाळ झोपलेली असताना मिळालेल्या त्या शांततेत भीमरावांचा अभ्यास चाले.

आपण या प्रसंगातून नेहमी 'बाबासाहेब रात्री दोनला उठत' एवढेच उचलतो. पण नीट पाहा. भीमराव आधी झोपत होते. मुलाची झोप मोडू नये म्हणून जागरण वडील करीत होते. पुस्तके हवी झाली आणि हाती पैसा नसला, तर हेच सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जाऊन उसने पैसे किंवा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि मुलाच्या हाती पुस्तक देत. म्हणजे मुलाचा अभ्यास ही त्या घराची सामुदायिक जबाबदारी होती. बाबासाहेबांचे उदाहरण मुलापुढे ठेवण्यापूर्वी सुभेदारांचे उदाहरण बापाने स्वतःपुढे ठेवावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारी काढली तर ती ३७.६ होते. आजच्या हिशेबाने ३५ ची रेषा ओलांडली एवढेच! तरीही त्या यशासाठी सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र या विद्यार्थ्याला भेट दिले. त्या सभेत गुणपत्रिका दाखवून 'एवढेच?' असे विचारणारा कोणी भेटला असता, तर काय झाले असते? सुदैवाने भेटले ते शाबासकी देणारे लोक. त्याच विद्यार्थ्याने पुढे १९१२ साली बी.ए., १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळवली. ही डी.एस्सी.सुद्धा पहिल्या झटक्यात मिळाली नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी मांडणी बदलून पुन्हा लिहायला सांगितला. बाबासाहेब मुंबईला परतले, निष्कर्ष कायम ठेवून प्रबंध पुन्हा लिहून काढला, पाठवला आणि तो मान्य झाला. परत आलेला कागद म्हणजे आयुष्याचा शेवट असे मानणाऱ्या आजच्या मुलांना ही हकिकत जरूर सांगावी.

अठरा तासांचा हिशेब

जयंतीनिमित्त अनेक महाविद्यालयांत आणि विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. अभिवादन म्हणून तो स्तुत्यच आहे आणि शेकडो मुले एकत्र बसून वाचतात हे दृश्य पाहून ऊर भरून येतो. परंतु वर्षातून एक दिवस करायची गोष्ट दहावीच्या पोराचे वेळापत्रक होऊ शकत नाही. अठरा तास अभ्यास केला तर झोप, जेवण, आंघोळ आणि येणे-जाणे मिळून उरतात सहा तास. असे चार दिवस काढणारे मूल पाचव्या दिवशी पुस्तकावर डोके ठेवून झोपते, आणि वर त्याला आपण आळशी ठरवतो.

आमच्या ओळखीच्या एका मुलाचे असेच झाले. वडील रात्रपाळीला जात म्हणून खोली मोकळी मिळे आणि हा चहावर चहा पिऊन पहाटे तीन-साडेतीनपर्यंत जागे. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री तर तो झोपलाच नाही. सकाळी वर्गात प्रश्नपत्रिका हाती आली आणि त्याला पाठ असलेली सूत्रेही आठवेनात. अभ्यास त्याने कमी केला नव्हता. झोप गमावली होती. दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसण्याचे काम झोपेतच होते. म्हणून सात-आठ तासांची झोप हा अभ्यासाचाच भाग समजावा.

तथागतांच्या संघात सोण नावाचा एक भिक्खू होता. श्रीमंताघरचा, सुकुमार. त्याने चंक्रमण करता करता पायांतून रक्त निघेपर्यंत साधना केली आणि तरी चित्त स्थिर होईना, तेव्हा तो संघ सोडून घरी परतण्याचा विचार करू लागला. भगवंतांनी त्याला विचारले की, तू घरी असताना वीणा वाजवीत होतास. तारा फार ताणल्या तर सूर लागे काय? तो म्हणाला, नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. तारा बरोबर जुळवल्या म्हणजेच सूर लागतो, हे त्याच्याच तोंडून वदवून घेऊन भगवंतांनी त्याला साधनेचा मध्यम मार्ग दाखवला. आपल्या घरातील परीक्षार्थीलाही हाच न्याय लावावा. तार सैल सोडून भागणार नाही, कारण आपल्या मुलांना शिकल्यावाचून गत्यंतर नाही. पण तुटेस्तोवर ताणूनही भागणार नाही.

वेळेची रोजकीर्द

आम्ही पडलो कारकून आणि शिक्षणाने कॉमर्सचे. मार्चअखेर म्हणजे काय असते ते आम्हांला चांगले ठाऊक आहे. ज्या टेबलावर रोजच्या नोंदी रोज होतात, त्या टेबलाला मार्चअखेरची भीती नसते. ज्याने वर्षभराची बिले खणात कोंबलेली असतात, त्याचाच ३१ मार्चला घाम निघतो. अभ्यासाचेही तसेच आहे. म्हणून मुलांनो, एक साधी शंभरपानी वही घ्या आणि तिला आपली रोजकीर्द करा. रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहा: आज काय वाचले, पुस्तक मिटून त्यातले किती लिहिता आले, आणि उद्या काय करायचे. जमा-खर्च समोर असला की 'माझे काहीच झाले नाही' ही जी अंधारातली भीती असते, ती निम्मी कमी होते. उरलेले काम किती हे आकड्यात दिसते, आणि आकड्यात दिसणारे काम करता येते.

अभ्यास करताना नुसते वाचत बसू नका. पाच वेळा वाचले म्हणजे ओळखीचे वाटते, पण ओळखीचे वाटणे म्हणजे येणे नव्हे. पाऊण तास एक घटक वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढे कागदावर लिहून काढा. अडले तिथे पुस्तक उघडा. मग दहा मिनिटे उठून गॅलरीत फिरा. तोच घटक दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने, असाच पुस्तक मिटून लिहून पाहा. विज्ञानाच्या आकृत्या आणि गणिताची उदाहरणे हातानेच सोडवावी लागतात. मार्गदर्शकातील उत्तर डोळ्यांखालून घातल्याने ती येत नाहीत. पाठ्यपुस्तक फाटले असेल किंवा हरवले असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सर्व पुस्तके विनामूल्य मिळतात. महागडे मार्गदर्शक नसले तरी पाठ्यपुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका एवढ्या शिदोरीवर उत्तम अभ्यास होतो.

मोबाईलबद्दल दोन शब्द. पुस्तक मोबाईलवर आहे, शिक्षकांचे निरोप मोबाईलवर आहेत, तेव्हा तो घरातून फेकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. पण अभ्यासाच्या पाऊण तासात तो आईच्या ताब्यात असावा. आणि मुलाचा मोबाईल काढून घेऊन बापाने त्याच खोलीत मोठ्या आवाजात व्हिडिओ पाहत बसणे, हे काही सुभेदारांच्या रीतीत बसत नाही.

मुलीच्या वाटचा वेळ

आता जरा नाजूक विषय. एका दहावीच्या मुलीने 'मला अभ्यासाला वेळच मिळत नाही' अशी तक्रार केली, तेव्हा आम्ही तिच्याबरोबर बसून तिच्या दिवसाचा हिशेब मांडला. पाणी भरणे पाऊण तास. सकाळचा स्वयंपाक एक तास. धाकट्या भावाला तयार करून शाळेत सोडणे अर्धा तास. दोन्ही वेळची भांडी एक तास. कपडे पाऊण तास. संध्याकाळचा स्वयंपाक एक तास. बेरीज पाच तास! तिचा थोरला भाऊ कॉलेजात होता, आणि त्याच्या नावापुढे घरकामाची एक मिनिटाचीही नोंद नव्हती. आई चार घरची कामे करून येणारी, तिला दोष देण्याचा प्रश्नच नव्हता.

हा कागद आम्ही तिच्या वडिलांपुढे ठेवला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'पाणी मी भरीन.' भांडी आणि कपडे थोरल्याकडे गेले. पहिले दोन दिवस त्याने कुरकुर केली, मित्रांनी चिडवलेही. पण पाण्याचा पाऊण तास आणि भांडी-कपड्यांचे पावणेदोन तास मिळून त्या मुलीला रोजचे अडीच तास सापडले. क्लासची फी भरून जे मिळाले नसते ते एका कागदाने मिळाले.

आपण भाषणात सावित्रीबाईंचे नाव घेतो. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपल्या पोरींना पाठ असते. पण घरात मुलगी पुस्तक घेऊन बसली की 'आधी भांडी उरक' हेच तिच्या वाट्याला येत असेल, तर आपण शाळा उघडली खरी आणि पाटी मात्र मोरीत ठेवली. परीक्षेचे दोन महिने तरी घरकामाची वाटणी करा, आणि जमले तर ती पुढेही चालू ठेवा. आणखी एक. पाळीचे दिवस पेपरच्या तारखांना येतील म्हणून पुष्कळ मुली मनातल्या मनात घाबरतात. आईने किंवा ताईने हा विषय आधीच मोकळेपणाने काढावा, लागणारे सामान दप्तरात ठेवून द्यावे. फार पोट दुखत असेल तर आधीच डॉक्टरांना दाखवावे. मनाने गोळ्या घेऊ नयेत.

पेपरच्या दिवशी

आदल्या रात्री प्रवेशपत्र, दोन-तीन पेन, पेन्सिल, पट्टी, कंपास आणि पाण्याची बाटली एका ठिकाणी काढून ठेवा. केंद्र नवखे असेल तर एक दिवस आधी जाऊन पाहून या. अकराच्या पेपरला साडेदहाच्या आत पोहोचायचे असते. लोकल आणि बस यांचा भरवसा धरू नका. उपाशीपोटी जाऊ नका, आणि भीतीने घास उतरत नसेल तर थोडी भाजी-भाकरी, पोहे, एखादे केळे, जे नेहमीचे आहे तेच खा.

वेळेचे गणित आधीच मांडून ठेवा. ८० गुणांच्या पेपरला तीन तास, म्हणजे १८० मिनिटे. एका गुणाला दोन मिनिटे धरली तर १६० मिनिटांत पेपर संपतो आणि २० मिनिटे तपासायला उरतात. गणित आणि विज्ञानाचे भाग ४० गुणांचे, दोन तासांचे. तिथे गुणाला अडीच मिनिटे धरली तर १०० मिनिटे होतात आणि तपासायला पुन्हा २० उरतात. शिवाय २०२३ च्या परीक्षेपासून मंडळाने शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली आहेत. पाच गुणांच्या प्रश्नात अर्धा तास अडकणारा विद्यार्थी हुशार असूनही मागे पडतो, तो या हिशेबाकडे लक्ष न दिल्यामुळे.

प्रश्नपत्रिका हाती आली आणि सगळे विसरल्यासारखे वाटले तर घाबरू नका. पेन खाली ठेवा. विहारात आनापानसतीला बसतो तसे श्वासाकडे लक्ष द्या. आत येणारा श्वास, बाहेर जाणारा श्वास. सावकाश दहापर्यंत मोजा. त्यात दोन मिनिटेही जात नाहीत. मग जो प्रश्न नक्की येतो तो आधी लिहायला घ्या. एक उत्तर लिहून झाले की पुढचे आपोआप उलगडते. ही सवय मात्र घरी रोज पाच मिनिटे बसून लावून घेतलेली असावी. पहिल्यांदाच परीक्षेच्या वर्गात करू पाहिले तर साधणार नाही. आणि पेपर सुटल्यावर फाटकाशी उभे राहून 'तुझे उत्तर काय आले?' ही चर्चा करू नका. झालेला पेपर झाला, उद्याचा समोर आहे.

कॉपीविषयी स्पष्टच बोलू. कोणी खिडकीतून चिठ्ठी फेकतो, कोणी पैसे घेऊन 'सोय' करून देतो, आणि काही पालक ती मुलाची मदतच समजतात. आपण रोज पंचशील ग्रहण करतो. न दिलेले घेणार नाही आणि खोटे बोलणार नाही, ही दोन्ही शीले त्या एका चिठ्ठीने मोडतात. महाराष्ट्रात परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ चा कायदाही आहे. पण कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी एक विचार उरतोच. आपल्या मुलांच्या गुणवत्तेवर बोट ठेवायला टपलेले लोक कमी नाहीत. त्यांच्यासमोर ताठ मानेने उभे राहायचे तर चाळीस टक्के का असेनात, ते स्वतःचे असले पाहिजेत.

मन फार दाटून आले तर

२०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली आहे, आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातील होते. सर्वांचे कारण परीक्षा हेच नव्हते. तरीही हा आकडा वाचून प्रत्येक आई-बापाने एकदा आपल्या मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहावे. मूल एकाएकी गप्प झाले आहे काय? जेवणावरून उठून जाते काय? रात्र रात्र जागे असते काय? 'माझा काय उपयोग', 'मी नसलो तर बरे' असे काही बोलते काय? असे बोलणे नाटक समजून उडवून लावू नका. जवळ बसा, सरळ विचारा, आणि उपदेश न करता ऐकून घ्या. त्या काळात मुलाला एकटे ठेवू नका. 'नापास झालास तरी तू आमचाच आहेस, आपण पुढे बघू' हे वाक्य निकालाच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. पहिल्या पेपरच्या आधीच बोला, आणि आई-वडील दोघांनीही बोला.

शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. डॉक्टरांकडे मन दाखवायला जाण्यात कमीपणा नाही. ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच ना? बुवा, अंगारा, ताईत यांच्या नादी लागू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे वेगळे सांगायला नको.

निकालाचा दिवस

दहावीत एक-दोन विषय राहिले तर वर्ष वाया गेले असे नाही. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना ए.टी.के.टी.ची सवलत घेऊन अकरावीत प्रवेश घेता येतो. गुण अनपेक्षित वाटले तर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. त्याच्या मुदती मात्र थोड्या असतात. आय.टी.आय.मध्ये असेही काही व्यवसाय आहेत ज्यांना दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, आणि कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रशाळा आहेत. वर ज्या जागणाऱ्या मुलाची हकिकत सांगितली, त्याने पुरवणी परीक्षेत गणित सोडवले. त्या वेळी आदल्या रात्री दहाला दिवा बंद करण्याचे काम त्याच्या आईने केले होते.

मुले अभ्यासात असताना पालकांनी एक काम उरकून ठेवावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे खाते यांची कागदपत्रे आताच तपासून घ्या. निकालानंतर तहसील कार्यालयात आणि सेवा केंद्रांवर रांगा लागतात, आणि एका दाखल्यापायी शिष्यवृत्तीचा किंवा वसतिगृहाचा अर्ज अडकतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. ही धावपळ मुलाच्या अंगावर टाकू नका.

विहाराचे दार

शेवटी समाजापुढे एक मागणे. वरळीत बी.डी.डी. चाळींच्या परिसरात एका रस्त्याला लोक 'अभ्यास गल्ली' याच नावाने ओळखतात. दहा बाय सोळाच्या खोलीत जागा नाही म्हणून रस्त्याच्या दिव्याखाली येऊन बसलेल्या मुलांच्या पिढ्यांनी ते नाव मिळवून दिले. ही गोष्ट अभिमानाची आहेच, पण मुलांना रस्त्यावर बसावे लागते ही गोष्ट अभिमानाची नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. मुलाला वेळ नाही, जागा नाही, तर त्याच्या सोयीची वेळ आणि जागा संस्थेने निर्माण करायची, हा त्यामागचा विचार होता.

आपल्या वस्तीत विहार आहे. सकाळ-संध्याकाळची वंदना सोडली तर बहुतेक वेळ त्याला कुलूप असते. परीक्षेचे दोन महिने ते कुलूप काढा. सायंकाळी सात ते अकरा आणि पहाटे पाच ते आठ अभ्यासिका चालवा. चार ट्यूबलाईट, दोन पंखे, पाण्याचा एक माठ आणि बसायला सतरंज्या एवढेच लागते. निवृत्त शिक्षक आणि पदवीधर तरुण यांनी आळीपाळीने बसावे. मुलींसाठी वेगळी बाजू ठेवावी, आणि रात्री त्यांना घरापर्यंत सोडण्याची जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी. आमच्या विहारात हे चालू केले तेव्हा पहिल्या आठवड्यात पाच मुले आली. महिना संपता संपता सतरंजी कमी पडू लागली.

आणि मंडळाच्या तरुणांनो, तुमच्याशीही बोलायचे आहे. २० मार्चचा चवदार तळ्याचा दिन आणि १४ एप्रिलची जयंती आपण उत्साहाने साजरी करणारच. पण दहावी-बारावी संपली तरी सीईटी आणि विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये चालू असतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी असल्याचे नियम २००० सालापासून आहेत. त्या नियमांसाठी पोलीस येण्याची वाट कशाला पाहायची? ज्या महामानवाच्या वाचनासाठी त्यांच्या वडिलांनी रात्री शांत ठेवल्या, त्यांच्या जयंतीच्या नावाने एखाद्या पोराच्या कानठळ्या बसाव्यात, हे आपल्यालाच शोभत नाही. जमलेल्या वर्गणीतून डीजेचे एक दिवसाचे भाडे वाचवले तर अभ्यासिकेचे वर्षभराचे वीजबिल भागते की नाही, याचा हिशेब एकदा मांडून पाहा.

येत्या रविवारी वंदनेनंतर आपापल्या विहार समितीपुढे हा विषय काढा. चावी कोणाकडे राहील, दिवे कोण बंद करील आणि पहिल्या दिवशी कोण बसेल, एवढी तीन नावे ठरली तरी सोमवारी अभ्यासिका सुरू होईल. परीक्षेस बसणाऱ्या सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींना आमच्या मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!